कंबर दुखते, पण नेमकी कशी?

‘बाईची कंबर दुखायचीच!’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय, की आपणही ते निमूट मान्य करतो. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारी असो, पालघरहून पहाटेची लोकल धरणारी असो, की भातलावणीत दिवसभर वाकणारी. बाम चोळायचा आणि कामाला लागायचं.

पण मैत्रिणींनो, सगळीच दुखणी श्रमाची नसतात. मणक्याच्या दाहक संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांना सूज आणते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्यातलाच. हा पुरुषांचा आजार, अशी समजूत असल्याने बायकांचं निदान आणखी लांबतं. एक्स-रेत बदल दिसायला कित्येक वर्षं जातात. एमआरआयमध्ये सूज त्याआधीच दिसू शकते. मग शिबिरात सरसकट सगळ्यांचाच एमआरआय का करू नये?

माझं स्पष्ट मत आहे, करू नये. प्रश्न फक्त पैशांचा नाही. जर्मनीत पंचेचाळिशीच्या आतल्या ७९३ सर्वसामान्य लोकांचे एमआरआय तपासले. २०२० च्या त्या अभ्यासात सुमारे १७ टक्के लोकांच्या कमरेखालच्या सांध्यांत सूज दिसली. हा आजार मात्र शंभरात जेमतेम एखाद्याला असतो! बाळंतपणानंतर काही महिने तर निरोगी बाईतही अशी सूज दिसू शकते. नुसत्या फोटोवरून तिला आजारी ठरवायचं का?

त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातलं भिगवण बघा. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पाहणीत स्वयंसेवक घरोघर गेले. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांधे-स्नायूंची दुखणी निघाली. म्हणजे आधी विचारपूस, मग डॉक्टर.

आपल्या आशाताई, बचत गटही एवढं विचारू शकतात. दुखणं चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालं का? तीन महिन्यांच्या वर टिकलंय का? उत्तररात्री दुखून जाग येते का? सकाळी अंग आखडतं, पण हालचाल केली की मोकळं होतं का? कधी डोळा लाल होऊन दुखला का? बरीच उत्तरं ‘हो’ आली, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवायला हवं. त्यांनी सांगितला तर एमआरआय जरूर करा, पण त्यांनी लिहिलेल्या सांध्यांचाच. नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये हे सांधे नीट दिसतीलच असं नाही.

वेळेत कळलं, तर व्यायाम आणि औषधांनी आजार आटोक्यात राहतो. जुळून गेलेले मणके मात्र पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणून सुनेने, लेकीने ‘कंबर दुखते’ म्हटलं, की ‘पडून राहा’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, ‘पडून राहिल्यावर बरं वाटतं, की जास्त दुखतं?’