बोटं गुलाबी आहेत ना?
शेजारचं महिन्याचं बाळ या आठवड्यात मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरी आलं. जन्मतः पावलं आत वळलेली. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाय हलकेच सरळ करत नवं प्लास्टर घालतात, बहुधा 5-6 वेळा. पणजी दर वेळी लंगोट बदलताना बाळाच्या पायाचं बोट दाबून बघते: पांढरं पडून लगेच गुलाबी झालं की रक्त नीट खेळतंय. बोटं निळी, गार पडली किंवा आत सरकली, तर तडक दवाखाना. आंघोळ ओल्या फडक्यानं. मालिशवाल्या मावशींना तूर्त सुट्टी. ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ असं बाळंतिणीला विचारणाऱ्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवावं. तिचा काडीचाही दोष नाही. खरी कसोटी प्लास्टरनंतर, पट्टीला जोडलेल्या बुटांची: पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग साधारण 4 वर्षांचं होईपर्यंत झोपेत. रडतंय म्हणून ते काढून ठेवले, की पाय पुन्हा वळू शकतो.