चार जाड तारांची करामत

दोस्तांनो, आज एक छोटासा प्रयोग करू या. आवडतं सिनेमातलं गाणं लावा, कानाला हेडफोन लावा आणि गायकाकडे चक्क दुर्लक्ष करा! खालून, खोलवरून एक ‘धूम-धुधूम’ घुमताना ऐकू येईल. बऱ्याचदा ती असते बास गिटार. साध्या गिटारला सहा तारा, तर हिला बहुधा चारच. पण जाडजूड आणि एक सप्तक खाली, खर्जात बोलणाऱ्या. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण ती थांबली की गाणं कसं पोकळ वाटायला लागतं!

अमेरिकेतल्या कॅरॉल के यांनी हेच वाद्य वाजवून मोठं नाव कमावलं. जन्म १९३५ चा, घरची गरिबी. शाळेत असतानाच त्या गिटार शिकल्या आणि लगेच शिकवूही लागल्या. पुढे दिवसा टायपिंगची नोकरी आणि रात्री क्लबमध्ये जाझ, अशी दुहेरी कसरत चालली. १९५७ पासून स्टुडिओत गिटार वाजवण्याची कामं मिळू लागली.

१९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आलाच नाही. आता काय? बास कॅरॉलबाईंच्या हाती आली आणि त्यांनी वेळ निभावून नेली! नशीब म्हणाल, तर ते होतंच. पण त्यामागे कित्येक वर्षांचा रियाज होता, हे विसरू नका. पुढे ‘बीच बॉइज’ या बँडच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’मध्ये त्यांची बास वाजली. त्या काळी अशा वादकांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर बहुधा छापतच नसत. गाणं सगळ्यांना पाठ, वादक मात्र कुणालाच ठाऊक नाही!

तुम्हाला बास शिकायचीय? मग कॅरॉलबाईंचा एक धडा आजच गिरवा. एक-दोन-तीन-चार असं मोजत राहा. पण टाळी फक्त दोन आणि चारवर द्या. सोपं वाटतं ना? पाच मिनिटं करून बघा, लय कशी निसटते ते कळेल! मेट्रोनोमचा ठोकाही त्या असाच दोन-चारवर धरायला सांगत. दुसरं, स्वरलिपी वाचायला शिका. स्टुडिओत समोर आलेला कागद पाहून लगेच वाजवावं लागतं. आणि तिसरं, ड्रमकडे कान ठेवा. भाराभर सूर वाजवण्यापेक्षा मोजके, पण वेळेवर वाजवा.

आईबाबांनो, तुमची काळजीही रास्त आहे. या कामात पगार ठरलेला नसतो. ध्वनिमुद्रण असेल तेव्हाच पैसे. म्हणून कॅरॉलबाईंनी शिकवण्या केल्या, बासची पुस्तकंही लिहिली. मुलांनी वाजवावं, पण अभ्यासही सोडू नये, हे उत्तम.

२०२५ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या मानाच्या यादीत त्यांची निवड झाली, तेव्हा नव्वदी गाठलेल्या कॅरॉलबाईंनी समारंभाला यायला नकार दिला. स्टुडिओतलं काम म्हणजे सगळ्या वादकांचं मिळून केलेलं काम, ही त्यांची भूमिका. बास वाजवणारं माणूस असंच बोलणार, नाही का?

चला तर, द्या टाळी. पण दोन आणि चारवरच हं!