हॉर्नबी रोडचे फोटो नीट वाचा

मुंबईच्या हॉर्नबी रोडचे, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याचे, जुने फोटो मोबाइलवर फिरतात तेव्हा त्याखाली हमखास लिहिलेलं असतं की बघा, मुंबई किती मोकळी होती. या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे. त्यातून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो: माणसं वाढली, फेरीवाले बसले आणि शहर बिघडलं. फोटोत मात्र तसा पुरावा नाही. यातले बरेच फोटो पोस्टकार्डावर छापून विकले गेले. इमारतींचा रुबाब दिसावा एवढाच त्यांचा हेतू. शिवाय साल माहीत नसेल तर मोकळा रस्ता काय सांगणार? १८९६च्या सप्टेंबरात शहरात प्लेग उघड झाला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्या हिवाळ्यातला ओस रस्ता सुखाची खूण मानला, तर तो त्या माणसांवर अन्यायच. साल साधारण ठरवणं तसं अवघडही नाही. घोड्यांची ट्राम दिसली तर फोटो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा. रुळांवर विजेच्या तारा ताणलेल्या असतील तर १९०७ किंवा नंतरचा.

कुणी म्हणेल, या हळहळीतूनच जुन्या इमारतींबद्दल जिव्हाळा निर्माण होतो, मग बिघडलं कुठे? जिव्हाळा हवाच. पण जतनाचं काम तपशिलावर चालतं. पादचाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून इथल्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचे सलग व्हरांडे ठेवणं १८९६च्या नियमांनी बंधनकारक केलं. दुकानांच्या पाट्यांनी या कमानी पुढे झाकल्या गेल्या; त्या मोकळ्या करण्याच्या कामाची युनेस्कोने २००४मध्ये दखल घेतली. मूळ कमान कशी होती, पाटी कुठे होती, हे जुन्या फोटोत भिंगाखाली दिसतं, आणि आज व्हरांड्यातून चालायला जागा का उरत नाही हा रास्त प्रश्नही तिथूनच विचारता येतो. फक्त त्याचं उत्तर विक्रेत्याला हुसकावण्यात शोधू नये. व्हरांडे चालणाऱ्यांसाठी होते, श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी राखीव नव्हते.

म्हणून ग्रंथालयांनी आणि वृत्तपत्रांनी असे फोटो देताना साल, स्टुडिओ आणि कॅमेरा कुठे उभा होता हे शोधून छापावं. व्हाइटअवे लेडलॉ या साहेबी दुकानाची इमारत छापली, तर त्याच इमारतीत पुढे थाटलेल्या खादी भांडाराचा फोटोही शेजारी द्यावा.