चौदा कोटींचा हिशेब

खंडेनवमीला आपण हत्यारे घासूनपुसून मांडतो. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, शेतातला कोयता, गॅरेजमधले पान्हे यांना हळदकुंकू लागते. आणि आता पाव शतक होत आले, हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या काचेच्या इमारतींत लॅपटॉपच्या झाकणावरही झेंडूचे फूल विसावते. दारात रांगोळी, ॲडमिनच्या माणसाने आणलेले पेढे, कुर्ते-साड्यांतले एक छायाचित्र, आणि अर्ध्या तासात सगळे पुन्हा आपापल्या पडद्यांसमोर. प्रथा पुरी होते. पण हत्याराची पूजा ही मुळात त्या हत्याराने वर्षभर जे घडवले त्याची पूजा असते, आणि फूल वाहता वाहता एखाद्याच्या मनात येऊन जाते, की या यंत्रावर आपण वर्षभर नेमके काय घडवले? पगार झाला, हप्ते गेले, वर्ष सरले. उत्तर तेवढ्यावरच थांबले, तर दुसऱ्या दिवशीचे सीमोल्लंघन त्याला जरा वेगळ्याच अर्थाने खुणावू लागते.

अशा सीमोल्लंघनाच्या वार्ता अलीकडे आपल्या घरांत येऊ लागल्या आहेत. भाची, पुतण्या, शेजारच्या काकूंचा इंजिनीअर मुलगा. चांगले बस्तान बसलेली नोकरी सोडून गेम तयार करणाऱ्या एखाद्या लहानशा स्टुडिओत निघालेले. पगार आधीपेक्षा कमी, कधी तर थेट निम्मा. 'पेपर टाकले' एवढेच जेवणाच्या वेळी उच्चारले जाते आणि वाटीतली आमटी निवून जाते. पुढचे प्रश्न ठरलेले. फ्लॅटच्या हप्त्याचे काय, लग्नाचे बघायचे होते त्याचे काय, आणि शेवटी जरा दबक्या आवाजात, हे ते रमीचे वगैरे नाही ना? या शेवटच्या प्रश्नाला हसू नये. पैसे लावून खेळायच्या ॲपच्या जाहिराती आपल्या डोळ्यांवर इतकी वर्षे आदळत होत्या, की 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून असल्या खेळांवर बंदी घातली तेव्हा 'गेमिंग संपले' अशीच अनेकांची समजूत झाली. गोष्ट रचणारे, चित्रे काढणारे, कोडी घालणारे गेम ही निराळीच वस्तू आहे, आणि ती घडवणारे कारागीर आपल्याच गल्लीत राहतात, हे घरोघरी पोहोचायला अजून वेळ लागेल. ज्या समाजाची परंपरा मोक्षपट हा सोंगट्यांचा खेळ थेट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, त्याला ते जड जाऊ नये, असे आपले वाटते.

घरातले मौन काही एकट्या मराठी आईबापांचे नाही. जपानमधल्या मुरोरान शहराच्या महापौरांचा मुलगा सातोरू इवाता टोकियोतल्या नामांकित तंत्रसंस्थेतून शिकून 1982 मध्ये हॅल लॅबोरेटरी नावाच्या चिमुकल्या गेम कंपनीत रुजू झाला, तेव्हा वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत म्हणतात. हाच मुलगा 2002 मध्ये निन्टेंडो या बड्या गेम कंपनीचा अध्यक्ष झाला. ही गोष्ट सांगताना आपण सहसा इथेच थांबतो आणि टाळ्या घेतो. मधला भाग असा, की तो रुजू झाल्यावर दहा वर्षांनी तीच चिमुकली कंपनी कर्जाने दिवाळखोरीच्या काठाला लागली होती आणि 1993 मध्ये तिची सूत्रे हाती घेऊन ते कर्ज निस्तरणे इवातांच्याच वाट्याला आले. वडिलांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती.

आणि ज्या नोकरीकडे पाठ फिरवली जाते, तिच्याविषयी कृतघ्न होण्याचेही कारण नाही. वाकड-बाणेरचे फ्लॅट, धाकट्या भावाचे शिक्षण, वडिलांची बायपास, गावाकडच्या घरावरचा स्लॅब. दोन पिढ्यांचे हे सगळे त्याच नोकरीने उचलले. नावडती नोकरी वाईटच असते असे नाही. साहेब भला असतो, कँटीन बरे असते, दिवाळीला बोनसही येतो. फक्त सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बँकेच्या प्रणालीत रात्री अडीचला बिघाडाचे तिकीट पडते, ते सोडवायचे, बंद करायचे, की पुढचे हजर. ती प्रणाली कुणी उभारली, कुणाच्या कामाला येते, आपण दुरुस्त केलेल्या ओळीने कुणाचे काय भले झाले, हे दहा वर्षांत एकदाही डोळ्यांनी दिसत नाही. माणूस कामाने दमतो ते झोपून भरून निघते. आपल्या हातचे काम कुणापर्यंत पोहोचलेच नाही याचा शीण मात्र रविवार संध्याकाळपासूनच अंगावर चढू लागतो.

गंमत अशी, की हा शीण स्वतः गेमवाल्यांनीच फार नेमका टिपला आहे. 2016 मध्ये आलेल्या 'स्टारड्यू व्हॅली'ची सुरुवातच जोजा नावाच्या बड्या कंपनीतल्या खुराड्यासारख्या टेबलापाशी होते. तिथे बसलेला कर्मचारी आजोबांनी मरणापूर्वी दिलेले पत्र एके दिवशी उघडतो आणि नोकरी सोडून त्यांच्या पडीक शेतावर निघून जातो. पुढे नांगरणी, पेरणी, विहिरीचे पाणी, शेजाऱ्यापाजाऱ्यांची सुखदुःखे. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने याचे चित्र, संगीत, संवाद, प्रोग्रॅम सगळे एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून केले, आणि 2024 अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. नोकरी सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर हे उदाहरण असते. त्याच काळात बॅरोन सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता आणि घरखर्चाला जोडीदारीण कमावत होती, हे मात्र सांगायचे राहून जाते. स्वप्नाचे भाडे कुणीतरी भरत असतेच.

मग कमी पगारात असे काय मिळते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. एखाद्या स्टुडिओत लेव्हल डिझायनरच्या पडद्यावर पहिले काही आठवडे सुंदर असे काहीच नसते. नुसते करड्या रंगाचे ठोकळे. हा किल्ल्याचा तट, हा खंदक, ही उडी. खंदक किती रुंद ठेवला तर उडी अवघड वाटेल पण अशक्य वाटणार नाही, हे कागदावर ठरत नाही. ती उडी शेकडो वेळा मारून पाहावी लागते. आणि त्यात एक छुपी दया असते. तटाच्या टोकावरून पाय सुटल्यावर बटण दाबायला क्षणभर उशीर झाला, तरी गेम ती उडी मान्य करतो. सेकंदाला साठ चौकटी सरकतात, त्यातल्या पाच-सहा चौकटींपुरती, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी ही सवलत. कड्यावरून हवेत गेलेला आणि खाली पाहीपर्यंत न पडणारा कार्टूनमधला कायोटी आठवून या धंद्यात तिला 'कायोटी टाइम' म्हणतात. खेळणाऱ्याला ती कधी कळत नाही, त्याला फक्त आपण चांगले खेळलो असे वाटते. अनोळखी माणसासाठी असे काही बारीक विणून ठेवायचे आणि तो ते ओलांडताना खुललेला चेहरा त्याच संध्याकाळी मागे उभे राहून पाहायचा, हा मोबदला कुठल्याच पगारपत्रकात बसत नाही. नोकरी सोडणाऱ्यांनी मात्र स्वतःसाठीही तेवढीच सवलत आधी विणून ठेवावी. वर्षभराचे घरभाडे आणि आईवडिलांचा आरोग्यविमा बाजूला असेल, तर तटावरून पाय सुटल्यावर खाली बघायची वेळ येत नाही.

नवरात्राच्या या दिवसांत पुण्याच्याच एका कामाची आठवण अस्थानी ठरू नये. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या चमूने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम रचला. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली एक जत्रेतली मुलगी, तिच्यावर कृपा करणारी साक्षात दुर्गा, हातात त्रिशूळ, आणि मधली कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम सुटले नाही. 2020 मध्ये गेम बाहेर आला आणि त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट गेमसाठी जगभरातून निवडलेल्या पाचांत त्याचे नाव होते. आपल्याकडे त्या बातमीला क्रिकेटच्या सराव सामन्याइतकीही जागा मिळाली नाही, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

या धंद्याची दुसरी बाजू झाकून ठेवली तर ती फसवणूक होईल. युबिसॉफ्ट या बड्या गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका गाजलेल्या भागाचे नवे रूप घडवण्याची जबाबदारी असल्याचे 2020 मध्ये वाजतगाजत जाहीर झाले, आणि 2022च्या मे महिन्यात ते काम मॉन्ट्रियलला गेले. 2024च्या एकट्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून 1,900 आणि गेम घडवण्याचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या युनिटीने सुमारे 1,800 माणसे कमी करत असल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात सोनीच्या प्लेस्टेशनने सुमारे 900. गेम बाजारात उतरण्याआधीचे महिने रात्रंदिवस जुंपून घेण्याचे, त्याला तिथे 'क्रंच' म्हणतात आणि तो जणू ऋतूच असावा इतक्या सहजपणे म्हणतात. नावडत्या नोकरीतल्या रात्री अडीचच्या तिकिटापासून सुटलेला माणूस आवडत्या नोकरीत पहाटे चारला गेमच्या बिल्डपाशी जागा सापडू शकतो.

दसऱ्याच्या सोन्यामागची कौत्साची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे; कालिदासाने ती रघुवंशाच्या पाचव्या सर्गात रंगवली. शिकून झाल्यावर शिष्य दक्षिणेसाठी हटून बसला, तेव्हा वैतागलेल्या गुरू वरतंतूंनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघूच्या दारी आला, तर यज्ञात सर्वस्व वाटून बसलेला राजा मातीच्या भांड्यातून अर्घ्य देतो आहे. रघूने कुबेरावर चालून जाण्याची तयारी केली आणि रातोरात सोन्याचा पाऊस पडला. लोककथेत तो आपट्यावर, शमीवर पडतो. राजा म्हणतो, सगळे तुझेच. कौत्स चौदा कोटी मोजून घेतो आणि उरलेल्याला हात लावत नाही. उरलेले सोने लोकांनी लुटले, म्हणून आपण आजही आपट्याची पाने लुटतो. या गोष्टीत आपण नेहमी रघूचे औदार्य पाहिले. कौत्साचे मोजणे अधिक कठीण होते. देणे किती हे त्याला पक्के ठाऊक होते, त्यातला छदामही त्याने सोडला नाही. आणि देणे फिटल्यावरचे सोने समोर पडलेले असताना ते आपल्या कामाचे नाही, हे त्याला ओळखता आले. कमी पगारावर निघालेल्यांना याहून वेगळे काय करायचे असते? घराचे देणे आधी शेवटच्या रुपयापर्यंत मोजायचे. ते फिटत नसेल, तर सीमोल्लंघन एखाद्या दसऱ्याने पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. आणि ते फिटत असेल, तर वरच्या रकमेसाठी उरलेली पंचवीस वर्षे ओलीस ठेवण्याचा आग्रह आपण वडीलधाऱ्यांनीही धरू नये.

मात्र कौत्साने स्वतः कमी घेणे वेगळे आणि कुणी त्याला कमी देणे वेगळे. 'तुला आवडतेच ना हे काम' असे म्हणून पगारातून आवडीची किंमत कापून घेण्याची रीत या धंद्यात, आणि खरे तर नाटक, पत्रकारिता, शिक्षण अशा सगळ्याच आवडीच्या धंद्यांत, चांगली मुरली आहे. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये ॲनिमेशन-गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. जागा, सवलती, गुंतवणूक यांची चर्चा त्यात होणारच, पण पहाटे चारला बसवल्याचा जादा मोबदला मिळतो का, हेही त्याच धोरणाच्या अंमलबजावणीत कुणी विचारले पाहिजे. आणखी एक मागणी आहे, तिला पैसाही लागत नाही. गेम संपल्यावर पडद्यावर नावांची यादी सरकते. तीन वर्षे राबून गेम बाहेर पडण्याच्या महिनाभर आधी नोकरी सोडलेल्याचे किंवा कमी केलेल्याचे नाव त्या यादीतून पुष्कळदा गळते. भिंतीभिंतीवर पात्र आदळून कुठे फट राहिली ते शोधणाऱ्या कंत्राटी टेस्टरचे तर अनेकदा लागतच नाही. ज्याने पगार कमी घेऊन हे काम पत्करले, त्याचे नाव त्या यादीत, शुद्धलेखनाच्या चुकीविना, लागलेच पाहिजे; आणि ते नेमणूकपत्रातच लिहून घेण्याची सवय आपल्या मुलांनी पगाराच्या आकड्याइतक्याच हट्टाने लावून घ्यावी.