लाठीचे कौतुक पुरे

तुकाराम ओंबळे यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, योग्यच झाले. परंतु ‘ते नुसत्या लाठीनिशी लढले’ हे आपण ज्या अभिमानाने सांगतो, तो मला सोसवत नाही. २००८ च्या त्या नोव्हेंबरच्या रात्री, गिरगाव चौपाटीपाशी, या सहायक फौजदाराने कसाबच्या एके-४७ची नळी घट्ट धरली, गोळ्या अंगावर घेतल्या. म्हणून कसाब जिवंत सापडला. शौर्य ते! हाती लाठीच होती, ही मात्र सरकारची लाज. आणि कर भरून गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरांचीही. वर्गात एका पोराने विचारले, “गुरुजी, त्यांना बंदूक का दिली नव्हती?” पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी कोणी त्याला उत्तर देईल काय?