बारा तास, एक खोली आणि कबुलीजबाब

'सीआयडी' बघत आपली अख्खी पिढी वाढली. दयाने दार तोडायचं, संशयिताला एक ठेवून द्यायची, की तो घडाघडा बोलायला लागणार. एसीपी प्रद्युम्न फाशीचं भाकीत करणार आणि आपण जेवायला बसणार. शेवटच्या पाच मिनिटांत कबुली येणारच, याची आपल्याला इतकी सवय झाली की ती आली नाही तर एपिसोड अर्धवट वाटेल.

तसा एक एपिसोड आहे. 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' या अमेरिकन मालिकेतला, 1993 सालचा 'थ्री मेन अँड अडीना'. बाल्टिमोरमध्ये अडीना वॉटसन या अकरा वर्षांच्या मुलीचा खून झालाय. संशय रिस्ली टकर या घोडागाडीवर फळं-भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या फेरीवाल्यावर. पेंबल्टन आणि बेलिस या दोन डिटेक्टिव्हांना त्याच्याकडून कबुली काढायला शेवटचे बारा तास मिळालेत. जवळजवळ सगळा एपिसोड चौकशीच्या त्या एकाच खोलीत घडतो. लेखक टॉम फोंटाना यांना त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला.

दोघं सगळं करून बघतात. गोड बोलतात, घाबरवतात, त्याच्या आयुष्यातल्या जखमा उकरतात. दमलेला म्हातारा शेवटी रडत जे सांगतो ते ऐकून अंगावर काटा येतो: त्या लहान मुलीवर त्याचं प्रेम होतं. पण खून? नाही, तो मी केला नाही. बारा तास संपतात, टकर सुटतो. सुरुवातीला शंका असलेल्या पेंबल्टनला आता तो खुनी असल्याची खात्री वाटते आणि खात्रीने आत गेलेल्या बेलिसला काहीच सांगता येत नाही. मालिका सात सीझन चालली, पण या खुनाचा उलगडा झालाच नाही.

म्हणजे एकाच खोलीत, तेच शब्द ऐकून, दोन हुशार माणसं उलट निष्कर्षांवर पोहोचली. आमच्या धंद्यात सिस्टिम कोसळली की 'मी काही केलं नाही' किंवा 'माझीच चूक' या दोन्हींवर कुणी थांबत नाही. लॉग उघडतात. टकरबाबत उघडायला लॉगच नव्हता, म्हणून सगळा भार त्याच्या तोंडावर आला.

आपल्याकडे इंग्रजांनी 1872 मध्येच पुरावा कायद्यात लिहून ठेवलं की पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालणार नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम 23 तेच सांगतं. मोक्काच्या कलम 18 ने मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली. 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात अशाच कबुल्यांना मोठं वजन आलं. 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, त्यातल्या पाच जणांना फाशीची. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्या कबुल्या अपुऱ्या, असत्य आणि काही ठिकाणी एकमेकींची नक्कल असल्याचं म्हटलं. त्यातला एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. आणि 180 हून जास्त मेलेल्यांच्या घरच्यांना अजून कळलेलं नाही की बॉम्ब कुणी ठेवले. खोट्या कबुलीचा हा दुसरा बळी आपण फार क्वचित मोजतो.

आता थोडं कडू. मोहल्ल्यातला मुलगा पकडला गेला की आपल्याला हे सगळे मुद्दे आठवतात. पण नावडत्या जमातीतल्या किंवा संघटनेतल्या कुणाची 'पोलिसांसमोर कबुली' अशी बातमी आली, की तीच आपण ग्रुपवर धडाधड पुढे ढकलतो. तेव्हा कलम 23 कुठे जातं?

चौकशीला बोलावलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं (पूर्ण वेळ सोबत नव्हे), भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 38. आणि चौकशीच्या खोलीसकट पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. फुटेज जपून ठेवा, असा अर्ज वकिलाकरवी पहिल्याच दिवशी द्यावा. उशीर झाला तर ते पुसलं गेलेलं असतं.