नाक्यावरच्या मजुरालाही कामाची हमी हवी

पुसेगावात माझं किराणा दुकान आहे. सोयाबीन, हळद निघाली की उधारी फिटते, हे आता अर्धंच खरं. आमच्या सेनगाव तालुक्यातली कितीतरी घरं पुण्याच्या मजूर अड्ड्यांवर चालतात. वारज्याला लेकाला आठवडाभर काम लागलं की इथं त्याची माय मागची बाकी देऊन जाते. नाही लागलं, की यादी आखडते. आधी लेकरांचा बिस्किटपुडा जातो, मग शेंगदाणे, मग तूरडाळ. तेल लिटरवरून पावशेरावर येतं. मीठ-मिरची तेवढी टिकते.

तिकडं लेकाचंही तेच. नऊ-साडेनऊपर्यंत कुणी नेलं नाही तर दिवस गेला. खोलीभाडं काही थांबत नाही, म्हणून काटकसर पोटातून होते. खाणावळीचा एक डबा दोघं खातात. रेशन आता अंगठा लावून पुण्यातही उचलता येतं, ही मोठी सोय झाली. पण माणशी ५ किलो धान्यासोबत डाळ, तेल, गॅस लागतो. हे सगळं मजुरीतूनच यायचं.

बांधकाम कामगार मंडळ आहे, पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा ठेकेदार असणाऱ्यानं सही कुणाची आणायची? त्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरीही बुडते. ज्यांच्या हातांनी शहर उभं राहतं, त्यांनाच उद्याचा भरवसा नसेल तर त्या वाढीला शाश्वत विकास मी तरी म्हणणार नाही.

मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यानं पहिल्यांदा महाराष्ट्रानं दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांना त्याचं मोल विचारा. तो हक्क गावापुरताच राहिला. शहरी मजुरांसाठी केरळनं २०१० मध्ये, राजस्थाननं २०२२ मध्ये योजना आणली. आपण का थांबलोय? झाडं लावणं, ओढ्यांचे काठ बांधणं, महापालिकेच्या शाळांची डागडुजी, अशी कामं शहरात ढिगानं पडली आहेत.

पैसा कुठून आणायचा, असं विचारतात. रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. गावच्या मजुरासाठी शहरातल्या नोकरदारानं तो भरला आणि आजही दर महिन्याला पगारातून तो कापला जातो. तोच मजूर आता त्या नोकरदाराच्या सोसायटीबाहेरच्या चौकात काम शोधत उभा आहे. त्या करातला वाटा त्याला तिथं मिळायला हवा.